आठ, बारा, सोळा

थोरल्या मामांनी आयुष्यात मजजवळ एकच वस्तू मागितली, आणि ती नेमकी अशी निघाली की तिचे नाव आमच्या घरात चारचौघांत घेण्याची सोय नव्हती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि सौ. तिच्या भावाकडे ग्लासगोला जावयास निघालो. पाया पडावयास रत्नागिरीस गेलो, तेव्हा मामांनी मला पडवीत नेले आणि हळूच म्हणाले, "बाळ, तिकडची ती धुराच्या वासाची व्हिस्की मिळाली तर एक बाटली आण. नाव विचारू नकोस, मला आठवत नाही."

मामांचे वय ८२. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खलाशी होते. १९६६ च्या हिवाळ्यात त्यांचे जहाज ग्लासगोच्या गोदीत अडकले होते आणि तेथे एका गोदीकामगाराने त्यांना पेलाभर व्हिस्की पाजली होती, एवढीच हकिगत आम्हां मुलांना ठाऊक. पुढे त्यांनी जहाज सोडले, किराण्याचे दुकान घातले, आणि त्या दुकानाच्या गल्ल्यातून माझी एम. ए. ची दोन्ही वर्षांची फी भरली. ते पैसे परत देण्याची गोष्ट काढली की "मग बघू" म्हणून ते दुसरा विषय काढीत. तेव्हा ही बाटली माझ्या दृष्टीने निव्वळ बाटली नव्हती.

मी मनाशी ठरवून टाकले की न्यावयाची तर सर्वांत जुनी. मी कॉलेजात नोकरी करतो. आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्यासुद्धा सेवाज्येष्ठतेने बसतात. ज्याची वर्षे अधिक तो मोठा, हा हिशेब माझ्या अंगात इतका मुरलेला की बाटलीलाही तोच लागू असणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, दुकानात विचारण्यापेक्षा मुळाशीच जाऊ." धुराच्या व्हिस्कीचे माहेर म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आयला बेट. केनाक्रेग नावाच्या धक्क्यावरून बोट निघते ती दोन-सव्वादोन तासांत पोर्ट एलनला लागते. तेथून पूर्वेला किनाऱ्याने निघाले की तीन-चार मैलांत लफ्रॉइग, लागाव्हूलिन आणि आर्डबेग असे तीन कारखाने ओळीने भेटतात. पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या अक्षरांत नाव, पायथ्याशी समुद्र. आम्ही मधल्या लागाव्हूलिनला उतरलो. हा कारखाना १८१६ सालचा. समोरच्या खाडीच्या तोंडाशी एका पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत. आम्हां कोकणच्या माणसांना समुद्रकाठचा पडका किल्ला दिसला की परमुलखात आल्यासारखे वाटत नाही.

आता धूर येतो कोठून, ते सांगतो. आपल्याकडे मटकीला मोड आणतात तसे तिकडे सातूला मोड आणतात. मोड योग्य वेळी थांबवावे लागतात, म्हणून दाणे उष्णतेने वाळवायचे. या बेटावर झाडे कमी, तेव्हा पूर्वापार जळण म्हणजे पीट. दलदलीत कुजून दबलेले शेवाळ आणि झुडपे यांचा तो थर असतो. विटांसारखे तुकडे कापून उन्हावाऱ्यात वाळवायचे आणि जाळायचे. हा थर वर्षाकाठी जेमतेम एक मिलिमीटर वाढतो असे मानतात. म्हणजे हातभर खणले तरी माणूस कित्येक शतके मागे जातो! त्या धुरातील फिनॉल नावाची द्रव्ये दाण्यांच्या सालीत शिरतात आणि पुढे आंबवण्यातून, तांब्याच्या हंड्यांतील दोनदा होणाऱ्या ऊर्ध्वपातनातून तरून थेट पेल्यात येतात. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हा वास समजावून सांगावयास नको. त्यात थोडे आयोडीन आणि थोडे सुक्या मासळीचे वाळवण मिळवा, की झाले.

हंड्यातून निघते ती व्हिस्की नव्हेच. पाण्यासारखी रंगहीन आणि जाळ अशी ती दारू ओक लाकडाच्या पिंपात किमान ३ वर्षे स्कॉटलंडमध्येच राहिली पाहिजे, मगच कायद्याने तिला स्कॉच म्हणता येते. पिंप साधारणपणे पूर्वी दुसऱ्या मद्याने वापरलेले असते, अमेरिकन बर्बनने किंवा स्पेनच्या शेरीने. लाकूड श्वास घेते. वर्षाला सुमारे २ टक्के मद्य हवेत उडून जाते; त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बाटलीवरचा आकडा हा तिच्यात मिसळलेल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय दाखवतो. आणि एक गोष्ट मला अगदीच नवी होती. बाटलीत भरल्यावर वय वाढणे थांबते. आठ वर्षांची बाटली कपाटात वीस वर्षे ठेवली तरी ती आठ वर्षांचीच. लोणच्यासारखे हिचे बरणीत मुरणे नाही. जे मुरायचे ते पिंपात.

कारखान्यातील एका बाईंनी आमच्यापुढे तीन छोटे पेले मांडले : ८ वर्षे, १२ वर्षे, १६ वर्षे. मेहुण्याला गाडी चालवावयाची असल्याने त्याचा वाटा त्यांनी छोट्या बाटल्यांत भरून हाती दिला. तेथे हा रिवाजच आहे. सौ.ने "मी वास घेणार, बाकी तुमचे तुम्ही पहा," असे जाहीर केले. गंमत म्हणजे पुढे तिचेच नाक आमच्या सर्वांच्या उपयोगी पडले.

आठ वर्षांची फिक्या गवती रंगाची. पेला नाकाशी नेताच सौ. मागे सरकली. "अहो, हा तर न्हाणीघरातला बंब!" धूर सरळ अंगावर येतो. मागाहून लिंबाच्या सालीसारखा, कच्च्या सातूसारखा गोडवा. जिभेवर तिखटपणा आणि मीठ. आडपडदा कसला तो नाही. १८८० नंतरच्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड नावाचा एक लेखक ब्रिटनमधले सगळे व्हिस्की-कारखाने पाहत हिंडला. त्याचा ग्रंथ १८८७ साली निघाला. येथे त्याला आठ वर्षांचीच व्हिस्की मिळाली होती आणि ती त्याने वाखाणली. त्या आठवणीने २०१६ साली, द्विशताब्दीच्या निमित्ताने, ही आठ वर्षांची बाटली काढण्यात आली आणि पुढे ती कायम राहिली.

बारा वर्षांचीही रंगाने फिकीच, पण घोट घेताच कान गरम झाले. ही मोजकीच निघते आणि पाणी न घालता, पिंपातल्याच ताकदीची भरतात. मद्यार्क ५६-५७ टक्क्यांच्या मागेपुढे. बाईंनी थेंबथेंब पाणी घालावयास सांगितले. पाणी पडताच ती उलगडली. धूर होता, पण आता तो चुलीजवळचा नव्हे. अंगणात उभे राहिल्यावर माजघरातून येणारा.

सोळा वर्षांची तांबूस, मधासारखी. १९८८ पासून हिचे नाव जगभर झाले. हिला नाक लावून सौ. म्हणाली, "ही चांगली आहे. मनुका आहेत, जायफळ आहे, आणि धूर... कोणी शेकोटी विझवून गेल्यासारखा." मला या वर्णनात एका शब्दाचीही भर घालता आली नाही. पिंपात वर्षे जातात तसा धूर मंदावतो आणि लाकडाचा गोडवा, मसाला पुढे येतो. धूर सातूचा, गोडवा लाकडाचा. वय वाढते म्हणजे एकाचा कारभार हळूहळू दुसऱ्याच्या हाती जातो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. या तिघींतील फरक केवळ वयाचा नाही. आठची ताकद ४८ टक्के, सोळाची ४३, बाराची त्याहून कितीतरी अधिक. पिंपेही सर्वांना एकाच जातीची मिळतात असे नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नये, कारण जळलेल्या साखरेचा रंग घालण्यास कायद्याची मुभा आहे. म्हणून ज्याला खरी तुलना करावयाची त्याने पाणी घालून तिन्ही साधारण एका ताकदीवर आणाव्यात आणि नाकावर भरवसा ठेवावा. तसे केल्यावरही आठची धुरकट आणि सोळाची मवाळ, हा क्रम आमच्या टेबलावर तरी बदलला नाही.

किमतीनेही माझा हिशेब चुकवला. आठची सर्वांत स्वस्त, हे ठीक. पण बाराची सोळापेक्षा महाग! जी मोजकी निघते तिला दाम अधिक.

आणि हे वय तरी सर्वत्र सारखे कोठे आहे? आपल्याकडे बंगळूरच्या 'अमृत'ने २००४ साली आपली सिंगल मॉल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकली. पुढे तिच्या 'फ्यूजन'मध्ये स्कॉटलंडहून आणलेले पीटच्या धुराचे सातूही वापरले. गोव्यातील 'पॉल जॉन'ही धुराची व्हिस्की करते. आपल्या उष्ण हवेत देवदूतांचा वाटा स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो आणि लाकूडही झपाट्याने उतरते. आयलाच्या थंड, दमट कोठारात सोळा वर्षे निवांत बसणारे पिंप गोव्यात ठेवले तर तोवर त्यात किती उरेल, याचा विचार करा. तेव्हा आकडा वाचताना तो कोठल्या हवेतला, हेही विचारावे लागते.

खरेदीच्या टेबलाशी मी बराच वेळ उभा होतो. हातात सोळाची बाटली. मानाची, शोभेल अशी, मलाही तीच अधिक आवडलेली. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मामांनी काय मागितले होते?" मामांनी धूर मागितला होता. मी आठची घेतली. पैसे उरले याचा आनंद व्हावयास हवा होता. पण ऋण फेडावयास जाऊन स्वस्तातली वस्तू घेतली, ही बोच बोटीत बसेपर्यंत गेली नाही.

रत्नागिरीस पोहोचलो त्या संध्याकाळी मामांनी आधी आपला परवाना काढून दाखवला. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, आणि मामा कायद्याचे माणूस. मग बाटली हातात घेऊन म्हणाले, "आठच वर्षांची? म्हणजे पोरच की!" माझा चेहरा उतरला असावा. त्यांनी बूच काढले, चहाच्या चमच्यात थोडी ओतली आणि नुसता वास घेतला. आतून मामींचा आवाज आला, "मागच्या दारी बंब कोणी पेटवला हो?"

मामा बऱ्याच वेळाने बोलले. "ही ती नव्हे. ती अजून राठ होती. पण धूर तोच."

आणि मग साठ वर्षांत न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. त्या गोदीत त्यांना घरची तार मिळाली होती. आई गेली; तीन आठवडे होऊन गेले होते. जहाजावर कोणाला सांगावे ते सुचेना, म्हणून ते धक्क्यावर एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून राहिले. तेथे एका गोदीकामगाराने त्यांच्या हातात पेला दिला आणि शेजारी बसला. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. पाळी संपल्याचा भोंगा होईपर्यंत तो बसून होता. माझी आई तेव्हा दहा वर्षांची होती. तिलाही मामांनी हे कधी सांगितले नव्हते.

बाटली मामींनी औषधांच्या कपाटात ठेवली आहे. रविवारी रात्री एक चमचा, तोही बहुधा वासापुरताच. तिचे वय आठच राहणार आहे. मामांना या दिवाळीत त्र्याऐंशी पुरी होतील.