इंटरसेप्शन झालं, पण चूक कोणाची? खांद्यातली चिप, डेटा आणि अ‍ॅपमधला तो एक आकडा

गल्ली क्रिकेटमध्ये रनआउट झाला की पुढची दहा मिनिटं कशात जातात, हे तुम्हाला सांगायला नको. "कॉल तू दिलास." "तू बघितलंच नाहीस." वही ज्याच्या हातात असते तो मात्र शांतपणे एकाच्या नावापुढे 'रनआउट' लिहितो आणि मोकळा होतो. भांडण कोणाचं बरोबर होतं, हे वहीत कुठेच येत नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हेच भांडण इंटरसेप्शनवरून होतं. फक्त तिथे मैदानावर २२ खेळाडू असतात, प्रत्येकाच्या अंगावर चिप असते आणि हिशेब कॉम्प्युटर करतो. एवढी टेक्नॉलॉजी असताना तरी दोष बरोबर माणसाला मिळतो का? चला, बघूया.

आधी खेळ थोडक्यात

क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून बहुतेक डाव सुरू होतो तो खेळाडू. तो लांब उभ्या किंवा धावत असलेल्या रिसीव्हरकडे बॉल फेकतो. बॉल रिसीव्हरऐवजी समोरच्या टीमच्या खेळाडूने झेलला की झालं इंटरसेप्शन. बॉल त्यांचा, आणि रेकॉर्डमध्ये चूक क्वार्टरबॅकच्या नावावर.

पण बॉल चुकीच्या हातात जायची कारणं बरीच असतात. क्वार्टरबॅकने चुकीच्या ठिकाणी फेकला. रिसीव्हर ठरलेल्या वाटेने धावलाच नाही. बॉल रिसीव्हरच्या हातात आला आणि उडाला. संरक्षण करणाऱ्याने फेकताना हातच धरला. कोचने डावच चुकीचा निवडला. किंवा कोणीच चुकलं नाही, समोरच्याने कमाल केली. अ‍ॅपमध्ये मात्र या सगळ्यांसाठी एकच नोंद: 'इंटरसेप्शन १'.

२६ सेकंदांचा किस्सा

१ फेब्रुवारी २०१५. अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये ४९वा सुपर बोल. सिएटल सीहॉक्स २४, न्यू इंग्लंड पेट्रिअट्स २८. सिएटलकडे बॉल आहे, टचडाउनला फक्त १ यार्ड बाकी, घड्याळात २६ सेकंद. सिएटलकडे मार्शॉन लिंच आहे, ज्याला अडवायला तीन-तीन माणसं लागायची. सगळ्या स्टेडियमला वाटतंय, बॉल आता लिंचकडे जाणार.

क्वार्टरबॅक रसेल विल्सनने पास फेकला, रिकार्डो लॉकेटकडे. मधेच माल्कम बटलर नावाचा पोरगा घुसला आणि बॉल घेऊन गेला. बटलरला ड्राफ्टमध्ये कोणीही निवडलं नव्हतं, त्याचा हा पहिलाच हंगाम होता. सामना तिथेच संपल्यात जमा.

नंतर काय झालं? हेड कोच पीट कॅरोलने जबाबदारी स्वतःवर घेतली. विल्सनने स्वतःवर घेतली. डाव सुचवणाऱ्या डॅरेल बेव्हेलने मात्र, लॉकेटने बॉलवर आणखी जोर लावायला हवा होता, अशा अर्थाचं काहीतरी बोलून टीका ओढवून घेतली. आणि लोकांनी हा निर्णय इतिहासातला सगळ्यात वाईट ठरवून टाकला.

अ‍ॅपमधला आकडा काय म्हणतो?

१९७३ पासून एनएफएल 'पासर रेटिंग' वापरते. त्यात चार गोष्टी येतात: किती पास पूर्ण झाले, किती यार्ड मिळाले, किती टचडाउन आणि किती इंटरसेप्शन. प्रत्येक भागाला जास्तीत जास्त २.३७५ गुण. चारही मिळवायचे, ६ ने भागायचं, १०० ने गुणायचं. सर्वोच्च रेटिंग येतं १५८.३.

इंटरसेप्शनचा भाग असा: इंटरसेप्शनला एकूण पासने भागा, २५ ने गुणा आणि उत्तर २.३७५ मधून वजा करा.

आता विल्सनचा त्या दिवसाचा हिशेब. २१ पास, १२ पूर्ण, २४७ यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. रेटिंग येतं ११०.६. तोच शेवटचा पास बटलरच्या हातात न जाता नुसता जमिनीवर पडला असता, तर रेटिंग झालं असतं १३०.५. म्हणजे एका झेलाने जवळपास २० गुण गेले. विल्सनच्या हातातून बॉल सुटला तो दोन्ही वेळेस अगदी तसाच!

अजून गंमत बघा. पेट्रिअट्सच्या टॉम ब्रेडीने त्याच सामन्यात २ इंटरसेप्शन दिली. त्याचं रेटिंग १०१.१, विल्सनपेक्षा कमी. पण ब्रेडीची टीम जिंकली आणि सामनावीरही तोच ठरला. त्याची दोन इंटरसेप्शन आज किती जणांना आठवतात? चूक किती मोठी होती, हे आपण बहुतेक वेळा निकाल बघून ठरवतो.

खांद्यातली चिप

आता टेक्नॉलॉजीकडे येऊ. एनएफएलमध्ये खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये छोटे रेडिओ टॅग बसवलेले असतात. ते स्टेडियममधल्या रिसीव्हर यंत्रांना सतत सिग्नल देतात आणि त्यावरून सेकंदाला १० वेळा खेळाडूची जागा नोंदवली जाते. २०१७ पासून सामन्यांच्या बॉलमध्येही चिप आली. २०१५ च्या त्या बॉलमध्ये ती नव्हती.

यामागे अल्ट्रा-वाइडबँड तंत्र आहे. नाव ओळखीचं वाटतंय? हरवलेल्या चाव्या शोधून देणारा एअरटॅग फोनच्या स्क्रीनवर बाण दाखवून अंतर सांगतो, ते याच प्रकारच्या तंत्राने. जीपीएस तुम्हाला काही मीटरच्या आसपास नेऊन सोडतं. इथे चूक फार तर काही इंचांची.

या सगळ्या डेटाला नाव आहे 'नेक्स्ट जेन स्टॅट्स'. २०१८ मध्ये त्यांनी एक मॉडेल आणलं: पास पूर्ण होण्याची शक्यता. बॉल हवेत किती लांब जाणार, रिसीव्हरपासून सगळ्यात जवळचा विरोधी खेळाडू किती अंतरावर आहे, मैदानाची कड किती जवळ आहे, क्वार्टरबॅकवर चाल करून येणारा किती जवळ पोहोचलाय, अशा दहाहून जास्त गोष्टी बघून मॉडेल टक्केवारी काढतं. मॉडेल आधीचे हजारो पास बघून शिकलेलं असतं.

फायदा काय? सोपा पास वाया घालवणारा आणि अवघड पास फेकायची वेळ आलेला, हे दोघं वेगळे ओळखता येतात. विरोधी खेळाडू रिसीव्हरच्या १ यार्डाच्या आत असताना किती वेळा फेकलं, हेही वेगळं मोजलं जातं. म्हणजे धोका कोण पत्करतंय, ते दिसतं.

माणसाचे डोळे अजून लागतातच

काही गोष्टी चिपला कळत नाहीत. म्हणून प्रो फुटबॉल फोकससारख्या कंपनीत माणसं प्रत्येक डावाचा व्हिडिओ बघून खेळाडूला उणे २ ते अधिक २ असे गुण देतात. ते निकालाऐवजी फेक बघतात. बॉल रिसीव्हरच्या हातातून उडून गेला, तर दोष क्वार्टरबॅकवर टाकत नाहीत. उलट, क्वार्टरबॅकने थेट विरोधी खेळाडूच्या हातात दिला आणि त्याने तो सोडला, तर रेकॉर्डमध्ये काही नसलं तरी इथे गुण कापले जातात.

याची गरज किती आहे, ते बघा. २० जानेवारी २०१९, कॅन्सस सिटी. ब्रेडीचा एक पास ज्युलियन एडलमनच्या हाताला लागून उडाला आणि झेलला गेला. इंटरसेप्शन ब्रेडीच्या नावावर. त्याच सामन्यात शेवटच्या मिनिटाच्या सुमारास दुसरा पास रॉब ग्रोंकाउस्कीच्या हाताला लागून उडाला आणि तोही झेलला गेला. सामना संपलाच असता. पण कॅन्सस सिटीचा डी फोर्ड डाव सुरू होण्याआधी रेषेच्या पुढे उभा होता. ऑफसाइड! इंटरसेप्शन रेकॉर्डमधून पुसलं गेलं, आणि पेट्रिअट्स ओव्हरटाइममध्ये ३७-३१ जिंकले. दोन्ही पास रिसीव्हरच्या हातातून उडालेले. एकाची नोंद आहे, दुसऱ्याची नाही. आणि फरक पाडला तो ब्रेडीशी काहीही संबंध नसलेल्या माणसाच्या पायाने.

डेटाला काय दिसत नाही?

इथे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. चिप सांगते रिसीव्हर कुठे धावला. तो कुठे धावायला हवा होता, हे ती सांगत नाही. ते टीमच्या डावाच्या वहीत असतं, आणि ती वही टीम बाहेर देत नाही. क्वार्टरबॅकने रिकाम्या जागेत बॉल फेकला असं दिसलं, तर तो चुकला की रिसीव्हर डावीकडे वळायचं विसरला? खात्रीने फक्त टीमलाच माहीत असतं.

दुसरा मुद्दा: जिंकण्याची शक्यता मोजणारी मॉडेल्स एका डावाने किती नुकसान झालं, ते छान सांगतात. नुकसान कोणामुळे झालं, हा प्रश्न वेगळा आहे. बिल मोठं आलं म्हणून ते कोणी भरायचं, हे आपोआप ठरत नाही ना? तसंच.

मग सिएटलमध्ये चूक कोणाची?

एकेक करून बघू. कोचकडे एकच टाइमआउट होता. धावून अडले तर घड्याळ चालू राहतं, पास खाली पडला तर थांबतं. म्हणून एक पास मधे टाकला तर २६ सेकंदांत तीन प्रयत्न बसत होते, नुसतं धावून दोनच बसले असते. त्या हंगामात १ यार्डावरून फेकलेला एकही पास तोपर्यंत इंटरसेप्ट झाला नव्हता. आणि लिंच? १ यार्डावरून तो त्या हंगामात ५ वेळा धावला होता, टचडाउन एकदाच. म्हणजे पासचा निर्णय वेडेपणाचा नव्हता. गर्दीच्या मधोमध जाणारा तोच पास का निवडला, हे मात्र विचारता येतं.

जर्मेन कर्सने बटलरच्या वाटेत अडथळा आणायचा होता, पण ब्रँडन ब्राउनरने त्याला जागेवरच दाबून धरलं. विल्सनचा पास थोडा पुढे गेला, लॉकेटच्या अंगावर असता तर बरं झालं असतं. आणि बटलर? सरावात हाच डाव त्याच्यावर यशस्वी झाला होता, तेव्हा तो चुकला होता. त्या दिवशी त्याने तो ओळखला.

माझं मत विचाराल, तर थोडा वाटा निवडलेल्या डावाचा, थोडा फेकीचा, आणि सगळ्यात मोठा बटलर-ब्राउनर जोडीच्या चांगल्या कामाचा. आपण दोषी शोधण्याच्या नादात समोरच्याचं कौतुक करायचंच विसरतो.

आपल्या फोनमध्येही हेच

यूपीआय पेमेंट अडकलं की आपण लगेच अ‍ॅपला शिव्या देतो. पण एनपीसीआय फेल झालेल्या व्यवहारांचे दोन भाग करते. टेक्निकल डिक्लाइन म्हणजे बँकेच्या किंवा नेटवर्कच्या सिस्टीमची अडचण. बिझनेस डिक्लाइन म्हणजे चुकीचा पिन, खात्यात पैसे नसणं, मर्यादा ओलांडणं. स्क्रीनवर दोन्हीकडे दिसतं 'फेल'च. कारण वेगळं लिहिलं, तरच दुरुस्ती योग्य ठिकाणी होते.

म्हणून पुढच्या वेळी कुठलाही आकडा बघून कोणाला नावं ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा आकडा काय घडलं ते सांगतो की का घडलं ते? निकाल उलटा लागला असता तर मी याच निर्णयाला काय म्हटलं असतं? आणि या नोंदीत कोणाचं नाव लिहायचं राहून गेलंय?

डेटाशी खेळायची हौस असेल तर एनएफएलची 'बिग डेटा बोल' स्पर्धा कॅगल या साइटवर होते, आणि खऱ्या सामन्यांचा ट्रॅकिंग डेटा तिथे बघायला मिळतो. एखादा डाव उघडा, ठिपके फिरताना बघा आणि दोष कोणाचा ते ठरवून पाहा. वाटतं तितकं सोपं नाही!