परसातला मॅग्नोलिया

मॅग्नोलिया म्हटलं की डोळ्यांसमोर विलायती बागा येतात. आपला सोनचाफाही त्याच कुळातला. लिनिअसने १७५३ साली त्याला मिशेलिया चंपाका म्हटलं. आता शास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. देवचाफ्याशी मात्र त्याचं काही नातं नाही. देवचाफ्याची फांदी तोडून खोचली की जगते. सोनचाफ्याची बहुधा वाळून जाते.

आजऱ्याची तांबडी, किंचित आम्ल माती त्याला मानवते. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात, ती अडचण इथे सहसा येत नाही. खरी कसोटी पाण्याची. आंबोलीकडून येणाऱ्या हिरण्यकेशीच्या या खोऱ्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि पुढे उन्हाळ्यात कडक ताण. सोनचाफ्याची मुळं मांसल. पाणी तुंबलं की कुजतात, आणि कोवळ्या रोपाला वैशाखही सोसत नाही. म्हणून जागा उताराची निवडावी. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात माती नि कुजलेलं शेणखत भरून रोप थोडं उंचवट्यावर लावावं. पावसाळ्यात बुंध्याशी आळं ठेवू नये. दिवाळीनंतर ते करून पालापाचोळ्याने झाकावं.

रोप घेताना डहाळी निरखावी. कोवळ्या कळीला आवरण असतं. ते गळलं की डहाळीवर पानागणिक बारीक कडं उरतं. ही या कुळाची खूण. मग प्रश्न कलमाचा. बियांच्या रोपाला फुलं यायला सात-आठ वर्षं सहज लागतात; कलम वर्ष-दोन वर्षांत फुलतं. कोकणातली 'वेलणकर' ही कलमी जात त्यामुळेच घरोघरी गेली. मात्र कलमाच्या जोडाखाली फुटणारे धुमारे वेळीच खुडले नाहीत, तर खालचं रानटी खोडच वाढतं आणि वरचं कलम मागे पडतं.

फूल हातात घेतलं तर निदल आणि पाकळ्या वेगळ्या दिसत नाहीत. मधल्या देठाभोवती बीजांडाच्या कुप्या मळसूत्रासारख्या रचलेल्या असतात. परागीभवनाचं काम मुख्यतः भुंगेरे करतात. पुढे याच कुप्यांतून लालभडक गराच्या बिया डोकावतात नि पक्षी त्या नेतात. फुलंच हवी असतील तर फळांचे घोस कोवळे असतानाच काढावेत. झाडाची ताकद त्यात जाते. बी लावायचं असेल तर गर धुऊन लगेच पेरावं, कारण वाळलं की त्याची उगवण झपाट्याने घटते.

पानं कुरतडलेली दिसली की लगेच औषध फवारू नये. टेल्ड जे हे हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू सोनचाफ्यावर अंडी घालतं. चार पानं त्याच्या अळ्यांना गेली तर मोठ्या झाडाचं बिघडत नाही.

अंगण लहान असेल तर कलम लावावं आणि बहर ओसरल्यावर शेंडे छाटून ते हाताच्या उंचीत ठेवावं. बांधावर मोकळी जागा असेल तर बियांचंच रोप बरं. रानात हे झाड शंभर फुटांपर्यंत जातं. त्याला वायरींखाली उभं करून दरवर्षी तोडण्यात शहाणपण नाही.