रेल्वेची नोकरी आणि मुलाखतीचा समज

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील बुरोंडी हे किनाऱ्यावरचे मच्छीमारीचे गाव. परशुरामाच्या भव्य पुतळ्यामुळे ते आता पर्यटकांनाही परिचित झाले आहे. रेल्वेचे रूळ मात्र येथून दूर. एस.टी.ने दापोली गाठावी, तेथून पुढे खेडला जावे, तेव्हा कोठे कोकण रेल्वेचे स्थानक दृष्टीस पडते. असे असले तरी २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते ठोकूर हा ७४१ कि.मी.चा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाल्यापासून किनाऱ्यावरच्या घरांतूनही रेल्वेच्या नोकरीचा विचार होऊ लागला, हे स्वाभाविकच होय. मासळीचे उत्पन्न वाऱ्यापावसावर अवलंबून असते. रेल्वेचा पगार तसा नाही.

मात्र या नोकरीविषयी एक जुना समज खेडोपाडी अद्याप टिकून आहे. लेखी परीक्षा हे केवळ निमित्त असते, खरा निर्णय मुलाखतीत होतो आणि मुलाखतीस ओळख लागते, असा तो समज. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून 'क' वर्गातील व पूर्वीच्या 'ड' वर्गातील पदे, तसेच 'ब' वर्गातील अराजपत्रित पदे यांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली आहे. पॉइंट्समन, ट्रॅकमन, तंत्रज्ञ, तिकीट लिपिक, स्टेशन मास्तर, मालगाडीचा गार्ड (ज्यास आता ट्रेन मॅनेजर म्हणतात), सहायक लोको पायलट यांपैकी एकाही पदासाठी आज मुलाखत घेतली जात नाही.

ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही एक गोष्ट गावात समजावून सांगितली, तरी कित्येक कुटुंबांचे पैसे वाचतील. 'मुलाखतीचे पाहून घेतो' असे सांगून रक्कम मागणारा मनुष्य जी मुलाखत अस्तित्वातच नाही तिची किंमत मागत असतो. त्याने दाखविलेले बोलावणे कितीही शिक्क्यांचे असले तरी ते खोटे समजावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. ऑनलाइन पैसे दिले गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. रेल्वे भरती मंडळाचे परीक्षा शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ५०० रुपये असते व परीक्षेस हजर राहिल्यावर त्यातील ४०० रुपये परत मिळतात. अनुसूचित जाती-जमातींचे उमेदवार, महिला आदींना २५० रुपये भरावे लागतात आणि बँकेचा आकार वजा जाता तेही परत होतात. यापलीकडे कोणासही काही देणे लागत नाही.

मुलाखत गेली, म्हणून तयारी सोपी झाली असे मात्र नव्हे. प्रथम श्रेणी स्तराच्या, म्हणजे दहावी उत्तीर्ण वा आय.टी.आय. झालेल्या उमेदवारांच्या पदांसाठी संगणकावर ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांपैकी २५ विज्ञानाचे, २५ गणिताचे, ३० बुद्धिमापनाचे आणि २० सामान्यज्ञानाचे. चुकीच्या उत्तरास एक-तृतीयांश गुण वजा होतो. तेव्हा अंदाजाने खुणा करीत जाण्याची शाळेतील सवय येथे नडते. प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते आणि अर्जात तशी निवड करण्यास संकोच करण्याचे कारण नाही. सहायक लोको पायलट व स्टेशन मास्तर यांच्या कल चाचणीत मात्र प्रश्न इंग्रजी व हिंदीतूनच असतात, आणि प्रत्येक भागात ४२ हा किमान टी-गुणांक मिळवावा लागतो. शिक्षकांनी ही बाब विद्यार्थ्यांना आधीच सांगावी, हे बरे.

लेखी परीक्षेनंतर प्रथम श्रेणीसाठी शारीरिक क्षमतेची कसोटी होते. पुरुषास ३५ किलो वजन खाली न ठेवता १०० मीटर अंतर २ मिनिटांत न्यावे लागते आणि १,००० मीटर अंतर ४ मिनिटे १५ सेकंदांत धावावे लागते. महिलांसाठी वजन २० किलो आणि धावण्याची मुदत ५ मिनिटे ४० सेकंद. संधी एकच मिळते. होडी ओढणाऱ्या तरुणास वजनाची भीती बाळगण्याचे कारण नाही; अडखळतो तो धावण्यात. ओहोटीच्या वेळी घट्ट झालेल्या ओल्या वाळूवर अंतर मोजून, हाती घड्याळ घेऊन सराव करता येईल. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हे दोन महिने पावसाचे असल्याने धावण्यास फारसे अनुकूल नाहीत. गणित व विज्ञानाच्या उजळणीस मात्र याहून चांगला काळ नाही.

सर्वांत मोठी निराशा होते ती वैद्यकीय तपासणीत, कारण ती अगदी शेवटी येते. सहायक लोको पायलटच्या पदास ए-१ दर्जा लागतो. दोन्ही डोळ्यांची दूरची दृष्टी चष्म्याविना ६/६ असावी लागते आणि रंगांची पारख अचूक असावी लागते. चष्मा घालविण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेतलेला उमेदवार या पदास अपात्र ठरतो. स्टेशन मास्तर व पॉइंट्समन यांना ए-२ दर्जाखाली चष्म्याविना ६/९ दृष्टी हवी. रूळ दुरुस्त करणाऱ्या ट्रॅकमनला चष्म्याची मर्यादित सवलत आहे. लाल व हिरवा यांतील भेद न कळणारा तरुण वर्षानुवर्षे अभ्यास करतो आणि शेवटच्या दिवशी परत येतो, हे टाळता येण्याजोगे आहे. अर्ज भरण्यापूर्वी जवळच्या शासकीय रुग्णालयात डोळे तपासून घेण्यास फार तर एक दिवस जाईल.

कागदपत्रांच्या बाबतीत अधिकाऱ्यांचे साहाय्य विशेष मोलाचे ठरते. इतर मागासवर्गाचा दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यातच लागतो. राज्याच्या कामासाठी काढलेला दाखला येथे चालत नाही. राज्याच्या यादीतील जात केंद्राच्या यादीत आहे किंवा नाही, हेही आधी पाहावे. शाळेच्या दाखल्यावरील नाव, आधारवरील नाव आणि लग्नानंतरचे नाव यांत फरक असेल, तर तो पडताळणीच्या दिवशी नव्हे, अर्जापूर्वी दूर करावा.

कोकण रेल्वेची भरती स्वतंत्र जाहिरातीने होते. २०२४ साली तिने १९० पदे जाहीर केली, तेव्हा प्रकल्पात जमीन गेलेल्यांना अग्रक्रम होता. रूळ खेडवरून गेल्यामुळे बुरोंडीकरांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या नाहीत. सबब तो अग्रक्रम त्यांना सहसा मिळणार नाही. मात्र महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक येथील अधिवासी उमेदवारांना पात्र धरले असल्याने दार बंद नव्हते.

मुलाखत खरोखरीच उरली आहे ती दोन ठिकाणी. केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत निवडल्या जाणाऱ्या रेल्वे अधिकाऱ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी होते. नागरी सेवा परीक्षेत तिला २७५ गुण आहेत. दुसरे, कोकण रेल्वे कंत्राटी मुदतीवर अभियंते व तांत्रिक साहाय्यक घेते, तेव्हा थेट मुलाखतीस बोलावते. पदविकाधारक तरुणाने अशा वेळी पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा हा मार्ग डोळसपणे पाहिलेला असावा. रत्नागिरीजवळचा साडेसहा कि.मी.चा करबुडे बोगदा व पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीचा पूल, पावसाळ्यात गाड्यांचे वेगळे वेळापत्रक लागण्याचे कारण, दरडीच्या जागी होणारी रात्रंदिवसाची गस्त, २०२१ मध्ये दुहेरी झालेला रोहा ते वीर हा टप्पा आणि २०२२ मध्ये पूर्ण झालेले विद्युतीकरण, यांविषयी त्यास चार वाक्ये स्वतःच्या शब्दांत सांगता यावीत. न येणाऱ्या प्रश्नास 'माहीत नाही' असे सरळ म्हणणे मुलाखतीत कमीपणाचे नसते. खेड स्थानकावर पावसाळ्यातील एक दिवस घालवून गाड्यांची ये-जा पाहिलेला उमेदवार यांतील बरेचसे तेथेच शिकून येतो.