करवंटीचा कोळसा

कापड घेताना आपण दुकानदाराला हमखास विचारतो, "रंग पक्का आहे ना?" धुतल्यावर न जाणारा रंग आपल्याला हवा असतो. सोलापूरच्या चादरींसाठी आणि मालेगावच्या साड्यांसाठी सूत अशाच रंगांत बुडवून रंगवतात. परंतु सगळा रंग सुताला चिकटत नाही. उरलेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो.

हे पाणी तसेच नदीत सोडले तर काय होते? रंगामुळे सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही. पाण्यातील वनस्पतींना अन्न तयार करता येत नाही. पाण्यातील ऑक्सिजन कमी होतो व मासे गुदमरतात. काही रंग तर विषारी असतात. शिवाय जो रंग उन्हाने व साबणाने जात नाही, तो नदीतही लवकर नष्ट होत नाही. कापडाचा गुण पाण्याच्या मुळावर येतो!

असे पाणी फडक्याने गाळून उपयोग नाही, कारण रंग पाण्यात विरघळलेला असतो. येथे कोळसा कामी येतो. कोळशामुळे द्रावणाचा रंग जातो, हे रसायनशास्त्रज्ञ टोबियास लोविट्झ यांना १७८५ साली आढळले होते.

नारळाच्या करवंट्या, भुईमुगाची टरफले, उसाची चिपाडे अशा टाकाऊ वस्तू अगदी कमी हवेत तापवल्या, की त्यांची राख न होता कोळसा होतो. हा कोळसा सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला वाफेत तापवतात. त्यामुळे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. यालाच 'क्रियाशील कार्बन' म्हणतात. एक ग्रॅम क्रियाशील कार्बनमधील छिद्रांच्या भिंती पसरता आल्या, तर त्या व्हॉलीबॉलच्या तीन मैदानांपेक्षाही जास्त जागा व्यापतील! रंगाचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. या क्रियेला 'अधिशोषण' म्हणतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. येथे रंग नाहीसा होत नाही. तो पाण्यातून कोळशात जातो. छिद्रे भरली की कोळसा पुन्हा तापवून वापरावा लागतो किंवा त्याची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते. तसेच, पाणी नितळ दिसले म्हणजे ते पिण्याजोगे झाले असे नाही. सूत रंगवताना पाण्यात घातलेले मीठ कोळशाने निघत नाही.

म्हणून रंगीत पाणी कारखान्यातच स्वच्छ केले पाहिजे. एकदा नदीत मिसळलेला रंग पुन्हा गोळा करता येत नाही.