येणार कशानं?

शनिवारी रात्री मुलं बाहेर निघाली की घरातून ठरलेला प्रश्न येतो, ‘किती वाजेपर्यंत येणार?’ उत्तरही ठरलेलं असतं, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यापेक्षा ‘येणार कशानं?’ असं विचारलं तर काहीतरी पदरात पडेल. रात्रीच्या धोक्यांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी अजूनही मुलींच्या कपड्यांवर घसरते. प्रत्यक्षात जिवावर बेतणाऱ्या गोष्टी अगदी रुक्ष असतात. बाहेर पडायचं दार कुठं आहे, गाडी कोण चालवणार, किती प्यायलो. यांचा बंदोबस्त पहिला पेग भरण्याआधीच करावा लागतो, नंतर डोकं ठिकाणावर असेलच असं नाही.

मुंबईचंच बघा. शेवटच्या लोकल साधारण साडेबारा-एकच्या सुमारास सुटतात आणि पहिली मिळते ती पहाटे चारनंतर. बार मात्र दीडपर्यंत चालू. म्हणजे बिल येईपर्यंत लोकल गेलेली असते आणि फुटपाथवर पन्नास माणसं एकाच वेळी मोबाइलवर टॅक्सी शोधत उभी असतात. त्या गोंधळात ‘चला, बसा’ म्हणणाऱ्या कुठल्याही गाडीत बसणं सोपं वाटतं. बसण्याआधी नंबरप्लेट ॲपमधल्या नंबराशी ताडून पाहायची आणि आपलं नाव आपण सांगायचं नाही, ‘कुणाला न्यायला आलात?’ असं ड्रायव्हरलाच विचारायचं. लोकलनं जाणाऱ्या बायकांचा अनुभव यापेक्षा मुरलेला आहे. रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड दिसला तर ठीक. नसला आणि डबा रिकामा असला, तर त्या सरळ जनरलच्या गर्दीत जाऊन बसतात. रेल्वेत मदतीसाठी १३९ आणि बाकी सगळीकडे ११२, हे दोन नंबर पाठ हवेत. घरच्या एका माणसाचा नंबरही पाठ असावा, कारण बॅटरी नेमकी रात्री दोनलाच संपते.

आता दारूचा हिशेब. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ३० मिलिग्रॅम म्हणजे किती? आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. साठ मिलिलिटरचा एक लार्ज म्हणजे सुमारे २० ग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषानं तो रिकाम्या पोटी झटपट घेतला, तर रक्तातलं प्रमाण ढोबळ हिशेबानं चाळिशीच्या घरात जातं. बाईच्या शरीरात तेवढ्याच वजनाला त्याहून जास्त. म्हणजे ‘एकच तर घेतला’ म्हणणाराही कायद्याच्या रेषेपलीकडे गेलेला असू शकतो.

शरीर हे अल्कोहोल तासाला दर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगानं काढून टाकतं. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, पण रक्तातलं प्रमाण तसूभरही कमी होत नाही. नऊ ते बारा या वेळात चार लार्ज घेतलेला माणूस सकाळी सहाला ‘उतरली’ म्हणून बाइकला किक मारतो, तेव्हा बहुधा तो रेषेच्या वरच असतो. त्यामुळे रात्री गाडी घेऊन जायची, मग ‘बघू’ म्हणायचं, हा बेत मुळातच फसलेला. गाडी घरीच ठेवावी. नेलीच, तर न पिणाऱ्याच्या हातात किल्ली जाताना दिली पाहिजे, परतताना नाही. परतताना कुणी किल्ली सोडत नाही. ‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य ज्याला सगळ्यात जास्त झालेलं असतं तोच म्हणतो.

पेला टेबलावर सोडून नाचायला गेलात तर परत आल्यावर नवा मागवावा, कारण जुन्यात कुणी काही मिसळलं असेल तर कळत नाही, इतकंच.

आता दाराकडे येऊ. २०१७ च्या डिसेंबरात, २९ तारखेला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जण गेले. त्यातले बरेच जण धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरले आणि तिथंच गुदमरले. २०२५ च्या ६ डिसेंबरच्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये लागलेल्या आगीत २५ जण दगावले. त्यात बहुतेक तिथले कर्मचारी होते आणि कित्येक तळघरातल्या स्वयंपाकघरात अडकून गुदमरले. वाट इतकी अरुंद की अग्निशमनाच्या गाड्या दूरच थांबवाव्या लागल्या. दोन्हीकडे ज्वाळांच्या आधी धुरानं गाठलं. कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत शुद्ध हरपवतो आणि घाबरलेला माणूस बंद खोलीकडे किंवा खाली धावतो. म्हणून आत शिरताच एक फेरी मारावी. ‘इमर्जन्सी एक्झिट’चा हिरवा दिवा कुठं आहे ते पाहावं आणि त्याच्याखालचं दार खरंच उघडतं का, तेही. बऱ्याच ठिकाणी त्या दारापुढं बिअरचे क्रेट आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या असतात, कुठं सजावटीचा पडदा, कुठं कुलूप. असं दिसलं तर मॅनेजरला सांगा आणि दुसरीकडे जा. पैसे भरलेत म्हणून बसून राहण्याइतकी ती रात्र मोलाची नसते. छताखाली कुणी फटाके किंवा फुलबाज्या पेटवल्या, की टाळ्या वाजवत बसू नका, दाराकडे सरका.

उरला तो ग्रुपमधला एक, ज्यानं जरा जास्त घेतली. ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून त्याला कारच्या मागच्या सीटवर उताणा टाकून दार लावणं हे सगळ्यात घातक, कारण उलटी श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली करा आणि कुणीतरी जवळ बसा. हाका मारून, चिमटा काढूनही तो जागा होत नसेल, श्वास मध्येच थांबत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. घरी कळेल, पोलीस येतील, या भीतीनं तास घालवू नका. दवाखान्यात डॉक्टरला किती प्यायला हे खरं सांगा, आणि बरोबर झोपेची किंवा दुसरी कुठली गोळी घेतली असेल तर तेही. गोळ्यांचं पाकीट खिशात असलं तर ते सोबत न्या.