अडेलतट्टू कोण?

मुलांनो, आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी आपल्या भागातून जाते, तेव्हा गोल रिंगण तुम्ही पाहिलं असेलच. बेलवाडीला होतं, इंदापूरला होतं, पुढे अकलूजलाही होतं. मधे पालखी, भोवती टाळ-मृदंगाचा गजर आणि दाटीवाटीनं उभी असलेली माणसं. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात आणि मग सुटतात घोडे! एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तो देवाचा अश्व. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला केवढी झुंबड उडते!

आता एक गंमत सांगते. घोडा दिसायला एवढा धिप्पाड, पण स्वभावानं मोठा भित्रा प्राणी. रानात त्याला वाघ-लांडग्यांची भीती. ना शिंग, ना नख्या. मग करायचं काय? पळायचं! म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणूनच घोड्याच्या मागून गुपचूप जायचं नाही बरं का! तो दचकतो आणि दुगाण्या झाडतो. त्यात त्याचा राग नसतो, भीती असते.

मग असा भित्रा प्राणी एवढ्या गजरात शहाण्यासारखा कसा धावतो? शिकवल्यामुळे. घोड्यांना शिकवणाऱ्याला जुन्या मराठीत चाबूकस्वार म्हणत. नावात चाबूक असला, तरी खरी विद्या चाबकात नसते. ग्रीस देशातल्या झेनोफन नावाच्या सेनानीनं तेवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं, की रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये.

या विद्येचा एक खेळही आहे. त्याचं नाव ड्रेसाज. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ शिकवणं, तयार करणं. 20 मीटर रुंद आणि 60 मीटर लांब मैदानात घोडा चालतो, दुडकतो, तिरपा सरकतो, जागच्या जागी वळतो. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण. स्वारानं तोंडानं आवाज काढला तरी गुण कापतात! बोलायचं ते फक्त पायांनी, बैठकीनं आणि लगामानं. 2023 साली चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा या चौघांनी ड्रेसाजमध्ये भारताला सांघिक सुवर्णपदक मिळवून दिलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल 41 वर्षांनी मिळालं होतं.

आता खरी मेख ऐका. सगळ्या घोड्यांना एकाच पद्धतीनं शिकवता येत नाही. तुमच्या वर्गात जसे नाना तऱ्हेचे सवंगडी असतात, तसेच पागेत नाना तऱ्हेचे घोडे.

एक असतो तापट. जरा टाच लागली की उधळलाच! त्याला ओढून धरलं तर तो आणखी बिथरतो. मग त्याला गोल गोल, संथ फिरवायचं, हात हलका ठेवायचा, आपला श्वासही शांत ठेवायचा.

दुसरा थंड. दहा वेळा सांगाल तेव्हा एक पाऊल टाकेल. त्याला सारखं टोचत राहिलं तर तो टोचणीलाच सरावतो. त्याला एकदाच, पण स्पष्ट सांगायचं. त्यानं ऐकलं की लगेच पाय ढिला सोडायचा. हा सोडलेला दाब हेच घोड्याचं बक्षीस! शिकवणी थोडा वेळच ठेवायची, म्हणजे तो कंटाळत नाही.

तिसरा बुजरा. वाऱ्यानं उडालेली प्लास्टिकची पिशवी दिसली तरी त्याची पाचावर धारण बसते. त्याला पिशवीजवळ ओढत न्यायचं नाही. लांबून बघू द्यायचं, हुंगू द्यायचं. पुढे एखादा जाणता, शांत घोडा असला तर उत्तमच.

आणि चौथा? तो अडून बसतो. पाऊलच टाकत नाही. त्याच्यावरूनच तर आपल्याकडे 'अडेलतट्टू' हा शब्द आला. पण जाणता शिक्षक आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, खोगीर कुठे घासतंय का ते पाहतो, खूर उचलून नाल तपासतो. कारण पुष्कळदा तो हट्टी नसतोच. त्याला काहीतरी दुखत असतं!

हे वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून गप्प बसले. का, ते सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. कवायतीला सगळे धावायचे, हा जागचा हलायचा नाही. एक दिवस मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, ''काय रे, अडेलतट्टू आहेस का?'' मुलं खो खो हसली. तो खाली मान घालून उभा राहिला. दुपारी खिचडीच्या रांगेत पाहिलं, तर एक पाय जमिनीला टेकवत नव्हता. बूट काढायला लावला. बूट दोन वर्षांपूर्वीचा, पाय वाढलेला, बोटावर टरटरून फोड आलेला. ''अरे, सांगितलं का नाहीस?'' असं विचारणार होते, पण शब्द तोंडातच राहिले. मी तरी त्याला कुठे विचारलं होतं? दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हटलं, ''चूक माझी होती.''

अजून एक ऐका. 1900च्या सुमारास जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा होता. गणित घातलं की टाप आपटून तो बरोबर उत्तर द्यायचा! शास्त्रज्ञांनी 1907 साली उलगडा केला. त्याला गणित येत नव्हतं, पण विचारणाऱ्या माणसाच्या मानेची बारीकशी हालचाल तो टिपायचा आणि नेमका तिथे थांबायचा. म्हणजे घोडा माणसाला इतकं निरखून बघतो. माणसानं घोड्याला निरखायला नको?

आपण तर भीमथडीची माणसं! राज्यगीतात भीमथडीच्या ज्या तट्टांचा उल्लेख आहे, ती या भीमेच्या खोऱ्यातलीच. लहान चणीची, काटक. मेंढरांच्या कळपाबरोबर धनगरांचा सगळा संसार पाठीवर घेऊन चालणारं तट्टू तुम्ही रस्त्यावर पाहिलं असेल. अलीकडेच भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली आहे.

पुन्हा असं तट्टू दिसलं, तर थोडं लांब, बाजूला उभं राहून त्याचे कान बघा. पुढे टवकारलेले असले, तर त्याचं लक्ष समोर आहे. मागे चपटे दाबले असले, तर तो चिडलाय किंवा घाबरलाय. मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि आई-बाबांनो, घरात कुणी अडून बसलं, तर रागवायच्या आधी एकदा बूट काढून पाहाल ना?