भिंत पुसणारी कणीक!

प्ले-डो माहितीये ना? छोट्या डब्यात मिळणारा मऊमऊ, रंगीत गोळा. त्याचा साप कर, लाडू कर, नाहीतर नाक लांब झालेला माणूस कर!

आता ओळख बघू, हा गोळा आधी कशासाठी वापरायचे?

भिंती पुसायला!

खरंच! खेळणं वगैरे तो नंतर झाला. आधी तो होता भिंत साफ करायचा गोळा. दुकानात मोठी माणसं तो विकत घ्यायची आणि घरी जाऊन भिंतीवर फिरवायची.

ही गोष्ट अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराची. तिकडे हिवाळा म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. घर उबदार राहावं म्हणून लोक भट्टीत कोळसा जाळायचे. ऊब तर मिळायची, पण सोबत काजळीही यायची! ती हळूहळू भिंतींवर बसायची. आणि भिंतींवर काय असायचं? रंग नाही, तर चिकटवलेला सुंदर नक्षीचा कागद.

मग ओलं फडकं घेऊन पुसायचा ना? छे छे! वही पाण्यात पडली की काय होतं, आठव बरं. कागद फुगतो, शाई पसरते. भिंतीवरच्या कागदाचंही तसंच व्हायचं, वर त्याचा गोंदही सुटायचा. शिवाय काजळी घासली की जात नाही, पसरते. डोळ्यांत काजळ घातलेलं बाळ डोळे चोळतं, तेव्हा गालापर्यंत काळं होतं की नाही? अगदी तसं!

म्हणजे घासायचं नाही आणि भिजवायचंही नाही. पण काळं तर गेलं पाहिजे. आता आली का पंचाईत?

1933 साली सिनसिनाटीच्या कुटोल नावाच्या साबण कंपनीने यावर एक गोळा बनवायला घेतला. कंपनी चालवणारे क्लिओ मॅकव्हिकर यांचे भाऊ नोआ यांनी त्याची कृती जमवली. त्यात होतं काय? गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि साफसफाईसाठी थोडं आणखी काही. म्हणजे जवळजवळ कणीकच की!

हा गोळा भिंतीवर अलगद दाबून फिरवायचा. काजळी त्याला चिकटायची आणि भिंतीवरून उचलली जायची. ओट्यावर सांडलेलं पीठ आई कणकेच्या गोळ्याने टिपून घेते ना, तसं! गोळा काळा झाला की पुन्हा मळायचा. काळी बाजू आत, स्वच्छ बाजू बाहेर, की पुन्हा कामाला तयार! मला या गोळ्याची हीच करामत सगळ्यात आवडते.

पण पिठाने भिंत पुसायची युक्ती याहून कितीतरी जुनी आहे, बरं का! इटलीतल्या रोम शहराने वेढलेल्या व्हॅटिकनमध्ये सिस्टिन चॅपल नावाचं प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या छतावर मायकेलअँजेलो या थोर चित्रकाराने चित्रं काढली. तिथे मेणबत्त्या जळायच्या, त्यांची काजळी चित्रांवर बसायची. 1625 मध्ये सिमोने लागी नावाच्या कारागिराने ते छत साफ केलं. कशाने? कापडाने आणि चक्क पावाने! इतक्या मौल्यवान चित्रांवर पाव घासला!

आणि तुझ्या कंपासपेटीतलं खोडरबर? ते यायच्या आधी पेन्सिलीची रेघ लोक पावाच्या तुकड्यानेच खोडायचे!

चल, पुन्हा सिनसिनाटीला. पुढे लोकांनी घरात कोळशाऐवजी गॅस आणला. काजळीच थांबली! धुता येईल असा भिंतीचा कागदही बाजारात आला. मग गोळा कोण घेणार? कंपनी बुडायला आली.

क्लिओंचे चिरंजीव जो मॅकव्हिकर काळजीत पडले. त्यांच्या नात्यातल्या के झुफॉल बालवाडी चालवायच्या. त्यांनी हा गोळा वर्गातल्या मुलांच्या हातात दिला. मुलं खूश! शाळेतली माती कडक असायची, इवल्या बोटांना दाबता यायची नाही. हा मात्र कसा लोण्यासारखा! आणि मुख्य म्हणजे तो विषारी नव्हता. विचार कर हं. भिंतीसाठी जळजळीत रसायन वापरलं असतं, तर ते कुणी छोट्या मुलांच्या हातात दिलं असतं का?

मग कंपनीने त्यातलं साफसफाईचं द्रव्य काढलं, बदामाचा वास घातला, पुढे रंगही आणले. जो यांनी नाव ठरवलं होतं लांबलचक, ‘रेनबो मॉडेलिंग कंपाउंड’! झुफॉल नवराबायकोने सुचवलं, ‘प्ले-डो’. 1956 मध्ये तो खेळणं म्हणून दुकानात आला. त्याच्या वासाचीसुद्धा 2018 मध्ये अमेरिकेत अधिकृत नोंद झाली. वासाची नोंद! आहे की नाही कमाल?

आता एक प्रयोग तुझ्यासाठी. वहीवर पेन्सिलीने फिकट रेघ ओढ. पावाचा आतला मऊ भाग घे, त्याची गोळी कर आणि रेघेवर हलकेच घास. बघ काय होतं! जमलं की घरातल्या मोठ्यांना विचारून भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेवरही करून बघ. कोपऱ्यात आधी थोडंसं, विजेच्या बटणांपासून लांब. आणि चुरा लगेच उचल, नाहीतर मुंग्यांची वरात येईल!

जुन्या घरात रंगाचे पापुद्रे सुटलेले असतील, तर तिथे मात्र हात लावायचा नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते पोटात गेलं तर मुलांना फार त्रास होतो. म्हणून तर आपल्या देशात 2016 मध्ये घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम झाला. आणि फरशीचं ॲसिड आणि ब्लीच? त्या बाटल्या मोठ्यांच्याच हातात! मोठ्यांनीही त्या कधीच एकत्र ओतायच्या नाहीत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

त्या जुन्या कागदाला पाणी चालायचं नाही. ऑइलपेंटची भिंत मात्र साबणाच्या कोमट पाण्याने पुसता येते. पण ओलं फडकं फिरवायला सुरुवात कुठून करायची? वरून? चूक! आधी कोरड्या फडक्याने वरून खाली धूळ झटकायची. मग ओलं फडकं मात्र खालून वर न्यायचं!

उलटं वाटतंय ना? धुळीने माखलेल्या एसटीच्या काचेवर पावसाचे पहिले थेंब ओघळतात, तेव्हा कसे पट्टे उमटतात! भिंत वरून धुतली, तर मळकं पाणी खालच्या कोरड्या मळावर ओघळतं आणि तसेच पट्टे पडतात. ते मग निघता निघत नाहीत. पण खालचा भाग आधीच ओला असेल, तर ओघळ त्यावरून नुसता घसरतो. एकदा फडकं फिरवलं की झालं!